घरगुती साबण, कॉस्टिक सोडा आणि आपलं गोड गप्प बसणं



दिवाळीच्या सुमारास दवाखान्यात फराळाचे डबे येतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला आणखी एक वस्तू येऊ लागली आहे, ती म्हणजे घरी केलेला साबण. छान कागदात गुंडाळलेला, वर सुतळीची गाठ आणि सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी: 'हळद-चंदन', 'कडुनिंब', 'कॉफी'. देणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक ओसंडत असतं. आपण वास घेतो आणि "वा!" म्हणतो.

मागच्या दिवाळीत अशाच सहा वड्या मला एका बाईंनी दिल्या. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. आमच्या गावातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली आहेत. मी सहज विचारलं, "बाई, कॉस्टिक सोडा किती घालता?"

"अंदाजानंच हो डॉक्टर. आता हात बसलाय."

मी हे ऐकलं. त्याचा अर्थ मला कळत होता. पण बाहेर पंधरा पेशंट बसले होते, सण होता आणि बाई प्रेमाने आल्या होत्या. मी म्हणालो, "वास फार छान आहे." बाई खूश होऊन गेल्या.

फेब्रुवारीत बाई पुन्हा आल्या त्या रिक्षातून. उजव्या डोळ्यावर ओला रुमाल होता आणि सोबत घाबरलेली जाऊ. सोड्याचं पाणी स्टीलच्या पातेल्यात कालवलं होतं. ते पातेलं दुधाला हवं होतं, म्हणून पाणी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ओतलं. काही क्षणांत पातेलं फसफसून वर आलं आणि उडालेले शिंतोडे डोळ्यात गेले. चष्मा नव्हता. जावेने घाईघाईने डोळ्यात गुलाबपाणी घातलं आणि रिक्षा बोलावली. घर ते दवाखाना यात पंचवीस मिनिटं गेली. त्या पंचवीस मिनिटांत डोळा साध्या पाण्याने एकदाही धुतला गेला नव्हता.

आजचा लेख साबणाविषयी आहे, पण फक्त साबणाविषयी नाही. कोणीतरी धोक्याचं काही करतंय हे दिसत असूनही आपण 'वाईट दिसेल' म्हणून गप्प बसतो, त्या सवयीविषयी आहे. त्या सवयीत मीही आलो, हे सुरुवातीलाच कबूल करतो.

सोड्याशिवाय साबण नाही

आधी थोडं शास्त्र समजून घेऊ. तेल किंवा चरबी आणि अल्कली यांची रासायनिक क्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. घन साबणासाठी सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा वापरतात. पातळ साबणासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात. कडुनिंब, कोरफड, शेळीचं दूध, केशर हे सगळे वरचे अलंकार आहेत. मूळ साबण होतो तो तेल आणि अल्कली यांचाच.

"आमच्या साबणात सोडा नाही" असं कोणी सांगितलं, तर दोन शक्यता असतात. एक, त्यांनी तयार 'सोप बेस' वितळवून साच्यात ओतला आहे. त्यात सोड्याचं काम कारखान्यात आधीच होऊन गेलेलं असतं. दोन, त्यांना स्वतःलाच माहीत नाही. तिसरी शक्यता नाही.

नीट मोजून केलेल्या साबणात मोकळा सोडा उरत नाही, हेही तितकंच खरं. तो तेलाबरोबर पूर्ण वापरला जातो. म्हणून घरगुती साबण हा मुळात वाईट प्रकार आहे असं मी म्हणत नाही. सगळा प्रश्न 'नीट मोजून' या दोन शब्दांचा आहे.

अंदाज इथे का चालत नाही?

भाजीत मीठ अंदाजाने चालतं. जास्त पडलं तर बटाटा टाकता येतो. साबणात तसं नाही, कारण प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा आहे. निरनिराळ्या चरबीत निरनिराळी मेदाम्लं असतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी १८२३ सालच्या आपल्या ग्रंथात मांडलं. म्हणजे ही माहिती दोनशे वर्षं जुनी आहे.

एक हिशोब करून पाहू. खोबरेल तेलाच्या १ किलोला साधारण १८३ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. शेंगदाणा तेलाच्या १ किलोला साधारण १३६ ग्रॅम, तर एरंडेलाला साधारण १२८ ग्रॅम. आता समजा, तुमच्याकडे अर्धा किलो खोबरेलाची कृती आहे. तिला सुमारे ९१ ग्रॅम सोडा लागतो. एक दिवस खोबरेल संपलं म्हणून तुम्ही तेवढंच शेंगदाणा तेल घेतलं आणि सोडा मात्र तोच ठेवला. त्या तेलाला लागणार होता फक्त ६८ ग्रॅम. वरचा २३ ग्रॅम सोडा जाणार कुठे? तो वडीतच राहणार आणि त्या वडीने कोणाचं तरी बाळ अंघोळ करणार.

"मी चमच्याने मोजते" हाही अंदाजच आहे. सोडा पापुद्र्यांचा असेल, गोळ्यांचा असेल किंवा भुकटीचा असेल, त्याप्रमाणे एका चमच्यात मावणारं वजन बदलतं. डबा उघडा राहिला तर सोडा हवेतली ओल शोषून घेतो आणि मग वजनही फसवतं. म्हणून ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, घट्ट झाकणाचा डबा आणि प्रत्येक तेलाचा वेगळा हिशोब या तीन गोष्टी हव्यातच. जाणकार मंडळी हिशोबापेक्षा साधारण ५ टक्के सोडा कमी घालतात. थोडं तेल मोकळं राहिलेलं चालतं, सोडा मोकळा राहिलेला चालत नाही.

डोळ्यात नेमकं काय होतं?

हा भाग शांतपणे वाचा.

आम्ल अंगावर पडलं की वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि त्या गोठलेल्या थराचा काहीसा अडसर तयार होतो. अल्कलीचं तसं नसतं. अल्कली पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांशी क्रिया करते, ऊती विरघळवते आणि आत-आत उतरत जाते. तुमच्या पातेल्यात तेलाचा जो साबण होतो, तीच क्रिया तुमच्या त्वचेवर आणि डोळ्यावर होते. सोड्याचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं, ते याचमुळे.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे सुरुवातीला वेदना अनेकदा जखमेच्या मानाने कमी असते. "थोडं चुरचुरतंय, जाईल" असं वाटतं आणि तेवढ्यात अल्कली खाली उतरलेली असते. डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, तिने कायमचं गढूळ केलं तर ते काचेवरच्या वाफेसारखं पुसून टाकता येत नाही.

दुसरा धोका लहान मुलांचा. सोड्याचं पाणी दिसतं पाण्यासारखंच. ते बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं आणि मुलाने तोंडाला लावलं, तर एका घोटात अन्ननलिका भाजते. ती जखम भरताना आकसते, नळी अरुंद होते आणि मग ती रुंद करण्यासाठी त्या मुलाला पुन्हा पुन्हा दुर्बिणीखाली न्यावं लागतं. काहींना मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत जावं लागतं. तोंडात काहीच भाजलेलं दिसलं नाही तरी आत भाजलेलं असू शकतं.

एका डॉक्टरचा 'निगेटिव्हपणा'

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घरोघरी साफसफाईसाठी आणि साबणासाठी हा सोडा, त्यांच्या भाषेत 'लाय', सर्रास वापरला जाई. डब्यावर धड इशाराही नसे. फिलाडेल्फियातले घशाचे आणि अन्ननलिकेचे प्रसिद्ध डॉक्टर शेव्हॅलियर जॅक्सन यांच्याकडे सोडा प्यायलेली, अन्ननलिका आकसलेली मुलं येत. ते नळी रुंद करत राहिले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. पण त्यांनी उघडपणे बोलायला सुरुवात केली: डब्यावर विषाची सूचना हवी आणि उपाय काय करायचा तेही छापलेलं हवं. त्यांच्या पाठपुराव्यातून १९२७ साली तिथे दाहक रसायनांवर 'विष' असं छापणं बंधनकारक करणारा कायदा झाला.

"तुमचा सोडा मुलांना जाळतोय" हे म्हणणं तेव्हाही सोडा विकणाऱ्यांना गोड लागलं नसणार. पण लेबलावरचा तो एक शब्द कोणाच्या तरी गळ्यापेक्षा महत्त्वाचा नव्हता, एवढं त्या डॉक्टरांना कळत होतं.

'निगेटिव्ह बोलू नका'

आता मूळ मुद्द्यावर येतो. डोळा बरा होत असताना बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या साबण मंडळात बारा-पंधरा जणी आहेत. त्यातल्या एकीने पूर्वी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलेलं होतं. तिने दोनदा सांगितलं होतं की ॲल्युमिनियमची भांडी वापरू नका, डोळ्यांना गॉगल लावा. दोन्ही वेळा तिला उत्तर मिळालं, "अगं, तू फार निगेटिव्ह बोलतेस. नव्या बायका घाबरतात." तिसऱ्या वेळी ती आलीच नाही.

"आणि डॉक्टर, तिला गप्प करणाऱ्यांत मीही होते," बाई म्हणाल्या.

मंडळं, क्लास, कार्यशाळा यांत हा एक अलिखित शिष्टाचार असतो. सगळ्यांनी सगळ्यांचं कौतुक करायचं. चूक दिसली तर हसून सोडून द्यायचं. कोणी बोललंच तर त्याला 'खोट काढणारा' ठरवायचं. रांगोळीच्या मंडळात हा शिष्टाचार चालेल. दोन ठिपके चुकले तर कोणाच्या डोळ्याला इजा होत नाही. ज्या छंदात मुख्य घटक त्वचा विरघळवू शकतो, त्यात हा शिष्टाचार घातक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

या शिष्टाचाराच्या बाजूने जी वाक्यं नेहमी ऐकू येतात, ती एकेक तपासू.

"इतकी वर्षं करतोय, आम्हाला काही झालं नाही." हेल्मेट न घालता वीस वर्षं गाडी चालवणाराही हेच म्हणतो. अपघात झाला नाही याचा अर्थ पद्धत बरोबर होती असा होत नाही. अपघात अजून झाला नाही, एवढाच होतो. बाईंनाही तीन वर्षं काही झालं नव्हतं.

"हे आजीच्या काळापासून चालत आलंय." माफ करा, पण तुमच्या-माझ्या आजीने बहुतेक साबण केलाच नव्हता. तिने शिकेकाई उकळली, रिठे भिजवले, डाळीचं पीठ आणि उटणं लावलं. त्यात काहीही चुकलं तरी डोळे चुरचुरायचे, तेवढंच. कॉस्टिक सोडा हा कारखान्यात तयार होणारा तीव्र पदार्थ आहे. त्याच्यावर आजीची साडी नेसवली म्हणून तो सौम्य होत नाही.

"सगळं नैसर्गिक आहे." दालचिनीचं तेल नैसर्गिकच आहे, आणि त्वचेला लाल करून ॲलर्जी देण्यात ते पुढे आहे. लवंगेच्या तेलाचंही तेच. 'केमिकल-फ्री साबण' हा शब्दप्रयोग तर निरर्थकच आहे, कारण साबण स्वतःच एक रसायन आहे.

"सांगायचं तर बाजूला घेऊन सांगा, सगळ्यांसमोर नको." हे वाक्य ऐकायला सभ्य वाटतं आणि अनेकदा बरोबरही असतं. कोणाच्या वडीचा रंग फसला, कडा वाकड्या आल्या, वास उग्र झाला, तर बाजूला घेऊनच सांगा. खरं तर विचारल्याशिवाय सांगूच नका. पण सगळ्यांसमोर एखादी बाई ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा कालवून दाखवत असेल, तर ते बारा जणी पाहत असतात. घरी जाऊन त्या बाराही जणी तेच करणार. बाजूला घेऊन एकीला सांगितलं तर एक डोळा वाचेल. उरलेल्या अकरा घरांचं काय? चूक चारचौघांत शिकवली गेली असेल, तर दुरुस्तीही चारचौघांतच व्हायला हवी.

"आधी कौतुक करा, मग हळूच सूचना करा." वेळ असेल तर जरूर करा. पण कोणी उकळत्या तेलाच्या कढईकडे रांगत्या बाळाला जाऊ देत असेल, तर तुम्ही "कढई फार सुंदर आहे हो" अशी सुरुवात करता का?

यातून एक साधा नियम निघतो. आवडीनिवडीबद्दल न विचारता बोलू नये. इजेबद्दल न विचारताच बोलावं. दोन्हींना आपण 'टीका' हाच एक शब्द वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो. "तुझा साबण मला आवडला नाही" हे एक मत आहे. "तुझ्या साबणात सोडा जास्त आहे" ही एक मोजता येणारी वस्तुस्थिती आहे. दुसऱ्या वाक्याचा राग मानणं म्हणजे थर्मामीटरवर रागावण्यासारखं आहे.

पण बोलणाऱ्यांचंही चुकतं

एकाच बाजूला झोडपणं बरोबर नाही. धोका दाखवणारे काही जण असे बोलतात की समोरच्याला धोका दिसतच नाही, फक्त अपमान दिसतो. "एवढंही माहीत नाही? मग करता कशाला?" हे वाक्य मी मंडळांतच काय, दवाखान्यांतही ऐकलं आहे. आम्ही डॉक्टर या बाबतीत धुतल्या तांदळासारखे नाही.

याची किंमत मोजावी लागते. ज्याला चुकीबद्दल खजील केलं जातं, तो पुढची चूक लपवतो. सोड्याने हात भाजला की तो दवाखान्यात येत नाही. घरीच हळद-तूप लावतो आणि आठवड्याने चिघळलेला हात घेऊन येतो. "कशानं भाजलं?" विचारलं तर "गरम पाण्यानं" म्हणतो, कारण खरं सांगितलं तर बोलणी खावी लागतील. चुकीचा इतिहास मिळाला की उपचारही चुकतो. म्हणजे गोड गप्प बसणं आणि कडू बोलणं या दोन्हींचा शेवट एकाच ठिकाणी होतो: गरजेची माहिती गरजेच्या माणसापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून कसं बोलावं, तर असं. माणसाबद्दल नव्हे, वस्तूबद्दल बोला. कारण सांगा. पर्याय सांगा. आणि थांबा. उदाहरणार्थ: "काकू, ते पातेलं ॲल्युमिनियमचं आहे. सोडा त्याच्याशी क्रिया करतो, तापतो, फसफसतो आणि हायड्रोजन वायू निघतो. तो पेटणारा असतो. स्टीलचं घेऊ या, मी आणते." यात काकूंच्या हुशारीबद्दल एक शब्दही नाही. तरीही कोणाला वाईट वाटलं, तर वाटू द्यावं. दुखावलेलं मन चार दिवसांत भरतं, कॉर्निया तसा भरेलच असं नाही.

ऐकणाऱ्यासाठीही एक वाक्य पुरे आहे: "बरं झालं सांगितलंस, तपासून बघते." मान्य करा असं मी म्हणत नाही, तपासा. सूचना चुकीची निघाली तर तसंही सांगा. पण सांगणाऱ्याला मंडळाबाहेर घालवू नका. ज्या मंडळातून धोका दाखवणारा माणूस निघून जातो, तिथला धोका मंडळातच राहतो.

"डॉक्टर, तुम्ही बायकांचा उद्योग बंद पाडणार"

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. अनेक घरांत या साबणांतून चार पैसे येतात, स्वतःची ओळख मिळते. बाईंनीच मला सांगितलं की निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांना सकाळी लवकर उठावंसं वाटलं ते साबणामुळे. हे मोल मला कळतं.

पण मी साबण बंद करा म्हणतच नाही. आपण घराघरांत प्रेशर कुकर वापरतो. त्यात वाफेचा प्रचंड दाब असतो. तरी आपण घाबरत नाही, कारण शिट्टी आणि वॉल्व्ह यांचे नियम प्रत्येक घरात ठाऊक आहेत. "वाफ गेल्याशिवाय झाकण उघडू नकोस" असं सासूबाईंनी म्हटलं तर त्यांना कोणी निगेटिव्ह म्हणत नाही. साबणाला तेवढीच शिस्त लावा, एवढंच म्हणणं आहे. चारी बाजूंनी बंद असलेला गॉगल दोन-तीनशे रुपयांत मिळतो. सहा वड्यांच्या किमतीत डोळे सुरक्षित होत असतील तर तो महाग नाही.

विकण्याचा प्रश्न वेगळा आहे. स्वतःसाठी केलं तर चूक आपल्याच अंगाशी येते, विकलं तर ती दुसऱ्याच्या अंगाला लागते. आपल्या देशात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० यांच्याखाली विक्रीसाठी अंघोळीचा साबण तयार करायला परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जावं लागतं. आणि 'एक्झिमा बरा करतो', 'सोरायसिसवर रामबाण' असं वेष्टनावर लिहू नका. रोग बरा करण्याचा दावा केला की तो साबण राहत नाही, औषधाच्या व्याख्येत जातो. शिवाय एक्झिमाच्या त्वचेला साबण अनेकदा त्रासच देतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ५ च्या आसपास. खरा साबण, कितीही चांगला केला तरी, ९ ते १० च्या घरात असतो.

करायचाच असेल तर हे पाळा

१. लहान मुलं आणि पाळीव प्राणी त्या खोलीत नकोत. दार बंद आणि खिडकी उघडी ठेवा.

२. बंद गॉगल, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, ॲप्रन आणि बंद चप्पल-बूट हवेत. नेहमीचा नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

३. भांडी स्टीलची किंवा उष्णता सहन करणाऱ्या जाड प्लॅस्टिकची असावीत. ॲल्युमिनियम, जस्त, कथिल नको. काचही नको, ती तडकू शकते. ही भांडी पुन्हा स्वयंपाकात वापरू नका.

४. पाण्यात सोडा घाला, थोडा-थोडा करून. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका. ते उसळतं. पाणी थंड घ्या. सोडा विरघळताना द्रावण सहज ८० अंश सेल्सिअसच्या वर जातं. त्यातून निघणाऱ्या वाफेवर तोंड धरू नका.

५. तेल, सोडा, पाणी सगळं ग्रॅममध्ये मोजा आणि वहीत लिहा. तेल बदललं की हिशोब पुन्हा करा.

६. सोड्याचं पाणी कधीही पाण्याच्या, सरबताच्या किंवा औषधाच्या बाटलीत ठेवू नका. लागेल तेवढंच करा आणि संपवा. कोरड्या सोड्याच्या डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा आणि डबा कुलपात ठेवा.

७. साच्यातून काढलेली वडी चार ते सहा आठवडे सुकू द्या. मात्र सोडा जास्त पडला असेल तर नुसतं सुकवून तो जाईल या भरवशावर राहू नका. वडीत पांढरे कठीण खडे किंवा द्रवाचे खळगे दिसले तर ती कोणालाही देऊ नका. पीएच पट्टीवर एकट्या विसंबू नका. चांगला साबणही अल्कलीधर्मीच असतो, त्यामुळे साध्या पट्टीवर फरक नीट कळत नाही.

आणि दुर्घटना झालीच तर

• डोळ्यात गेलं तर त्याच क्षणी वाहत्या नळाखाली धरा. पापण्या बोटांनी उघड्या ठेवा. दुखरा डोळा खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती काढा. किमान अर्धा तास धुवा आणि मगच निघा. शक्य असेल तर रिक्षातही बाटलीने धुणं चालू ठेवा. गुलाबपाणी, दूध, मध, घरातले कुठलेही थेंब यांतलं काहीही घालू नका.

• त्वचेवर कोरडा सोडा पडला तर आधी झटका, मग भरपूर पाण्याने धुवा. भिजलेले कपडे लगेच काढा.

• लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका. आम्ल-अल्कलीच्या क्रियेत आणखी उष्णता निर्माण होते आणि धुण्याची वेळ वाया जाते. व्हिनेगर ओटा पुसायला ठेवा, अंगाला पाणीच.

• पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका. एकदा भाजलेली नळी दुसऱ्यांदा भाजते. लिंबूपाणी देऊ नका. तोंड पाण्याने धुवून मूल किंवा मोठं माणूस, जे कोणी असेल त्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा. सोड्याचा डबा सोबत घ्या.

• दवाखान्यात खरं सांगा. "साबण करत होते, सोडा उडाला" एवढं एक वाक्य आमची दहा मिनिटं वाचवतं.

शेवटी

त्या दिवशी आम्ही बाईंच्या डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकले आणि सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावून डोळा धुतला. लघवी तपासायच्या पट्टीवर पीएचचा एक चौकोन असतो. तो पापणीच्या आत टेकवून दर थोड्या वेळाने पाहत होतो. रंग जागेवर यायला जवळजवळ तास लागला. मग नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. आज डोळा शाबूत आहे. कॉर्नियाच्या खालच्या कडेला एक धूसर डाग राहिला आहे. बाई वर्तमानपत्र वाचतात, पण सुईत दोरा ओवताना तो डोळा मिटतात.

दिवाळीला माझ्या टेबलासमोर बसून बाईंनी "अंदाजानं" हा शब्द उच्चारला होता. तेव्हा मी दोन मिनिटं काढून "बाई, काटा घ्या, गॉगल घ्या" एवढं म्हणालो असतो, तर कदाचित हा डाग नसता. कदाचित असताही. पण मी म्हणालो नाही, आणि त्याला मी शिष्टाचार समजलो. हे मी त्यांना सांगितलं आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही बोलला असतात तर मी घरी जाऊन म्हटलं असतं, यांना काय कळतंय साबणातलं." मग आम्ही दोघंही हसलो.

बाईंनी साबण सोडलेला नाही. आता त्यांच्याकडे काटा आहे, वही आहे आणि दारामागे खिळ्याला गॉगल टांगलेला आहे. मंडळ सोडून गेलेल्या त्या मुलीच्या घरी त्या स्वतः जाऊन आल्या. ती परत येईल की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

तुमच्या ओळखीत कोणी घरी साबण करत असेल, तर पुढच्या भेटीत वडीचा वास घेण्याआधी एक प्रश्न विचारा: "सोडा मोजून घालता ना?" उत्तर "अंदाजानं" असं आलं, तर तिथे थांबू नका, माझ्यासारखं.